भूपालच्या बाजूचे नट

"मोटर कुठं लपवलीय बघा," असं म्हणत मी खोक्यातून काढलेला पिवळा डबा सगळ्यांपुढं उलटा धरला. "चारी बाजूंनी बंद. आत काय फिरतंय ते दिसत नाही, हात घालता येत नाही, बिघडली की फेकून द्या. हे जोडकामाचं खेळणं नव्हे, हा मिक्सर झाला."

सगळे हसले. मला त्याची सवय होती. मोटरवर चालणारा कुठलाही नवा संच बाजारात आला की मंडळात तो आधी माझ्यापुढं यायचा, मी त्याची सालं काढायची आणि मग बाकीचे आपापली मतं मांडायचे. बहुतेक वेळा ती माझीच मतं असायची.

"आणि ह्या पिना," मी म्हणाले. "नट नाही, बोल्ट नाही, पाना नाही. दाबलं की बसलं, ओढलं की निघालं. मग माणसानं केलं काय त्यात? भूपाल, सांग की ह्यांना."

भूपाल चौगुले माझा जोडीदार. जोडकामातला. लग्नाचा नवरा जयपाल, तो तेव्हा आपल्या बियाण्यांच्या दुकानात असायचा. सांगलीत आठल्ये सरांच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही दहा-बारा मोठी माणसं दर रविवारी सकाळी लहान मुलांचे यांत्रिक संच जोडायला जमायचो. गावात आम्हांला खुळ्यांची शाळा म्हणायचे आणि ते फारसं चूक नव्हतं. मी दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये कामाला होते, भूपाल कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. टेबलाच्या एका बाजूला तो, समोर मी. तो गिअर बसवायचा, मी सांगाडा उभा करायची. मी हात पुढं केला की मला हवी तीच पट्टी त्यात पडायची, मागावी लागायची नाही. जयपालला तर माझ्या चहात साखर किती हेसुद्धा लग्नाला इतकी वर्षं होऊन कळलेलं नव्हतं.

भूपालनं एक पिन उचलली, भोकात दाबली, काढली, परत दाबली.

"मला आवडलाय," तो म्हणाला. "हाताला सोपा आहे."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "सोपा? उद्या म्हणशील, जोडून आलेलाच विकत घेऊ."

"सोपं असणं गुन्हा आहे का, शोभनाताई?" मागून आवाज आला.

ही ऋचा बेलवलकर. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम सांगलीत घरी बसून करायची आणि त्या वर्षीच मंडळात आली होती. वय माझ्या निम्म्याहून थोडं जास्त. डावखुरी. बोलताना समोरच्याच्या हातांकडं बघायची, चेहऱ्याकडं नाही, त्यामुळं ती मला पहिल्या दिवसापासून उद्धट वाटली होती.

"गुन्हा नाही," मी म्हणाले. "पण चांगल्या संचात एक पट्टी दहा कामं करते. तुझ्या ह्या संचात दहा तुकडे मिळून एक काम करतात."

पुन्हा हशा झाला. भूपाल मात्र हसला नाही. उजवा हात पँटच्या खिशात घालून तो पिवळा डबा डाव्या हातानं उलटसुलट करून बघत राहिला. खिशात हात घालून उभं राहायची ही ऐट त्याला पूर्वी नव्हती.

*

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. लोक विळे, कात्र्या, गाड्या पुजतात. आम्ही पाने आणि पेचकस पुजायचो. त्यात मंडळाची एक रीत होती. दिवाळीच्या सुट्टीत प्रदर्शन भरायचं, आणि त्यासाठी ज्यांना जोडीनं काम करायचं असेल त्यांनी आपापले पाने पाटावर एकमेकांना चिकटवून ठेवायचे. तोंडानं काही बोलायचं नाही. माझा आणि भूपालचा पाना इतकी वर्षं शेजारी होता की आठल्ये सर हळदकुंकू दोघांवर एकदमच टाकायचे.

त्या वर्षी मी लवकर गेले. पाटाच्या मधोमध माझा पाना ठेवला आणि डाव्या अंगाला जागा राखली. भूपाल आला तो ऋचाबरोबर बोलत. पाटापाशी वाकला, नमस्कार केला आणि उभा राहिला.

"पाना कुठाय तुझा?" मी विचारलं.

"ह्या वेळी पिनांचं करतोय. पाना लागत नाही." मग जरा थांबून, "ऋचाबरोबर करतोय, शोभना. तुला आधी सांगायला हवं होतं."

"मला कशाला सांगायचं? मी काय तुझी मालकीण आहे?"

"तसं नव्हे."

"मग कसं?"

आठल्ये सरांनी माझ्या एकट्या पान्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मागं बघून म्हणाले, "शोभनाबाई, यंदा आमच्यासारख्या म्हाताऱ्याला घ्या पदरात." सगळ्यांसमोर कीव केलेली मला सोसत नाही. मी हसून होय म्हणाले आणि घरी येऊन जयपालवर कारण नसताना डाफरले.

"काय झालं?" तो म्हणाला. "सवत आली काय?"

"फालतू बोलू नका."

"नाही, आपलं विचारलं. मी लॉजिंगच्या मालकिणीशी हसून बोललो होतो त्या वर्षी, तेव्हा एवढी जळली नव्हतीस." त्यानं पेपर उलटला. "माझ्यापेक्षा त्या मास्तरला भाव आहे ह्या घरात."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी जळत होते. रात्री जेवताना, लॅबमध्ये मेणात दात बसवताना, भाजी निवडताना माझ्या डोक्यात तोच हिशेब. काय आहे त्या मुलीत? तिला गिअरचं गणित येत नाही. दोन चाकांमध्ये कागदाची जाडी इतकी फट ठेवायची असते हे तिला मीच शिकवलं होतं. आणि मला एकदम आठवलं की भूपालचं मन त्याआधीच उडालेलं होतं. आदल्या दिवाळीला आम्ही आकाशपाळणा केला तेव्हा त्याच्या बाजूचे नट ढिले राहायला लागले होते. पूर्वी त्यानं आवळलेला नट सोडवायला मला दोन्ही हात लावावे लागत. पाळण्याच्या वेळी मात्र तो चहाला उठला की मी त्याच्या बाजूला जाऊन एकेक नट परत आवळायची. त्याला कधी बोलले नाही. वाटलं, कंटाळला असेल. आता कळलं, कंटाळा कशाचा आला होता ते. माझा.

रविवार वैरी झाले. आठल्ये सर आणि मी पत्र्याच्या पट्ट्यांचा गुऱ्हाळाचा चरक करत होतो आणि तीन टेबलं सोडून ती दोघं साखर कारखान्याची क्रेन करत होती, ट्रकातली उसाची मोळी उचलून टाकणारी. मी तिकडं बघत नव्हते, पण मला सगळं दिसत होतं. ऋचा त्याच्या समोर बसत नसे. त्याच्या उजव्या हाताला, अगदी खेटून बसे. भूपाल चहाचा कप डाव्या हातात धरायला लागला होता. पेनसुद्धा. ती डावखुरी म्हणून हाही डावखुरा! पन्नाशीला टेकलेला फिजिक्सचा मास्तर, कॉलेजातल्या पोरासारखा पोरीची नक्कल करतोय, हे बघून मला त्याची लाज वाटली. मला हाक मारत तो एकदाही माझ्या टेबलाशी आला नाही. येऊन उभा राहिला असता तरी मी त्याला माफ केलं असतं.

"तुमचं चाक उलटं फिरतंय," आठल्ये सर म्हणाले.

खरंच फिरत होतं. मी मुकुटासारख्या उभ्या दातांचं चाक चुकीच्या बाजूला बसवलं होतं. नवख्या माणसाची चूक, आणि ती माझ्या हातून.

*

प्रदर्शनाला पोरांची झुंबड उडाली. चरकापाशी चार पोरं, क्रेनपाशी चाळीस. क्रेन मोळी उचलायची, फिरवायची, टाकायची, आणि पोरं टाळ्या वाजवायची. तिला बटण नव्हतं, वीतभर लांब दांडा होता. तो ढकलला की काम सुरू.

संध्याकाळी, लोक गेल्यावर, एकमेकांच्या कामावर मत द्यायचं असे. मी क्रेनपुढं उभी राहिले. मला माहीत होतं की मी चांगली बोलते, आणि त्या दिवशी मी फारच चांगली बोलले.

"हा दांडा बघा. इतक्याशा मोटरला एवढा दांडा म्हणजे मुंगीला घोड्याचा लगाम. पिनांना सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्यात. कशासाठी? शोभेसाठी. सांगाडा लाकडी पाटाला जखडलाय, म्हणजे उचलून खालून बघायची सोय नाही. मोटर वरून तळहातानं दाबून बसवायची, कणीक दाबल्यासारखी. आणि सगळी भोकं एकाच बाजूला, डावीकडं. बेलवलकर मॅडम डावखुऱ्या आहेत म्हणून? खेळणं सगळ्यांसाठी करायचं असतं, एका माणसासाठी नव्हे."

ऋचा लाल झाली. "शोभनाताई, तुम्हांला काही कल्पना तरी—"

"ऋचा," भूपाल म्हणाला. "राहू दे."

"पण दादा—"

"राहू दे म्हटलं ना. तिचं बरोबर आहे. एका माणसासाठीच केलीय." आणि माझ्याकडं बघून हसला. पूर्वी माझ्या मताला हसायचा तसंच. मी मनात म्हटलं, बघा, कबूल करायलाही लाजत नाही.

प्रदर्शनानंतर सोडवणी. आपलं काम आपण सोडवायचं नाही, ते दुसऱ्यानं सोडवायचं आणि करणाऱ्यानं व्हरांड्यात जाऊन बसायचं, अशीही आमची रीत होती. आपल्या हातानं मोडवत नाही म्हणून. शिवाय सोडवताना करणाऱ्याचा हात कळतो. कोण घाईचा, कोण भित्रा, कोण बळकट, सगळं नटावर लिहिलेलं असतं. क्रेन कोण सोडवणार असं सरांनी विचारायच्या आत मी म्हणाले, "मी."

मला त्या क्रेनचा खोटेपणा उघडा करायचा होता. कुठंतरी डिंक लावलेला असेल, कुठंतरी धागा बांधलेला असेल.

पहिली पिन मी उजव्या हातानं ओढली, ती निघेना. भोकं डाव्या बाजूला, मनगट वाकडं होत होतं. चिडून डावा हात लावला. ट्यूबच्या चकतीवर सगळ्या बोटांची पकड बसली आणि पिन अलगद बाहेर आली. दुसरी काढली, तिसरी काढली. मग लक्षात आलं की माझा उजवा हात नुसता टेबलावर पडून आहे. त्याला कामच नव्हतं.

जोडकामात एक हात धरतो आणि दुसरा फिरवतो. कवळीचंही तसंच, धरल्याशिवाय काहीच होत नाही. इथं धरायला पाट होता. पिन चिमटीत धरायला नको म्हणून चकती होती. मोटर दोन हातांनी सरकवायला नको म्हणून ती वरून दाबायची होती. बटणावर बोट टेकवायला नको म्हणून दांडा होता. तो कोपरानंही ढकलता आला असता. मी ढकलून बघितला.

डावखुऱ्या माणसालाही दोन हात असतात. ही क्रेन ऋचासाठी केलेलीच नव्हती.

खिशातला हात. डाव्या हातातला कप. त्याच्या उजव्या बाजूला खेटून बसणारी ती, तिकडून कुणाला काही दिसू नये म्हणून. आणि आकाशपाळण्याचे ते नट. मी उरलेली क्रेन तशीच टाकली आणि व्हरांड्यात गेले.

*

भूपाल कठड्यावर एकटा बसला होता. ऋचा खाली गेटपाशी कुणाच्या तरी पोराला रिक्षात बसवून देत होती.

"हात दाखव," मी म्हणाले.

त्यानं नाटक केलं नाही. खिशातून उजवा हात काढून मांडीवर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, गोळी वळत असल्यासारखी. तो काही करत नव्हता, आपोआप चाललं होतं.

"कंपवात," तो म्हणाला. "मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं. गोळ्या चालू आहेत. हळूहळू वाढणार म्हणतात."

"कधीपासून?"

"पाळणा केला तेव्हापासून. त्याआधीही असेल."

मला वाईट वाटलं, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि तेच आधी बाहेर पडलं.

"तिला सांगितलंस. मला नाही."

"तिला मी सांगितलं नाही."

"मग तिला काय स्वप्न पडलं?"

"तिनं विचारलं. आल्या आल्या दुसऱ्याच रविवारी. 'दादा, हाताला काय झालंय?' असं सरळ. तिच्या आजोबांना होतं. मी उडवून लावलं तर म्हणाली, ठीक आहे, मग ही पिन बसते का बघा."

"मीही विचारलं असतं. मला काय माहीत? तू दाखवलं नाहीस, तू—"

"शोभना." तो माझ्याकडं बघत होता. "तू नट आवळत होतीस."

मी कठड्याला टेकले.

"मी चहा घेऊन दारात उभा राहायचो. तू माझ्या बाजूला येऊन एकेक नट आवळायचीस आणि झालं की आपल्या जागेवर जाऊन बसायचीस, काही घडलंच नाही असं तोंड करून. आधी दोन-चार, मग सगळे. मला वाटायचं, आज विचारेल. आज तरी म्हणेल, भूपाल, हे काय चाललंय तुझं. तू कधी विचारलंच नाहीस. प्रदर्शनात लोक म्हणाले, काय पाळणा केलाय चौगुले सरांनी, आणि तू मान डोलावलीस."

"तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"होय. तेच वाईट वाटलं."

खाली रिक्षा गेली. ऋचा जिना चढून वर येत असल्याचं ऐकू येत होतं.

"तुझ्याबरोबर बसलो असतो तर सगळे नट घट्टच राहिले असते," तो म्हणाला. "माझा एकही नसता त्यात."

ऋचा वर आली, आमच्याकडं बघितलं आणि थांबली. मी डोळे पुसले आणि मला जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेले.

"दांडा फार वर बसवलायस तू," मी तिला म्हणाले. "ह्याचा खांदा दुखत असेल. दोन भोकं खाली घे."

तिनं भूपालकडं बघितलं. "दुखतो का, दादा?"

"दुखतो की," भूपाल म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, आणि खो खो हसला. मलाही हसू आलं. तिची एक तरी गोष्ट चुकली होती ह्याचा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

*

पुढच्या रविवारी मी माझा पाना पिशवीतच ठेवला आणि त्यांच्या टेबलाशी गेले. कुणी बस म्हणण्याची वाट बघितली नाही. भूपालसमोरची जुनी जागा रिकामी होती. त्याच्या उजव्या हाताची जागा तिची होती आणि ती काही मला मिळणार नव्हती. मी समोर बसले.

"पिनांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही," मी म्हणाले. "आणि मोटर बंद डब्यात नको म्हणजे नको."

"मान्य," ऋचा म्हणाली. "झाकण पारदर्शक करायचं का?"

"करून बघ."

क्रेन परत जोडायची होती, पाटावर नुसता दांडा होता, दोन भोकं खाली आलेला. भूपालनं पाटावर पहिली पट्टी ठेवली, डाव्या हातानं चकतीची पिन उचलली आणि भोकात दाबली. ती पुरती बसली नाही. अर्धी बाहेर राहिली. मला इथून दिसत होतं, अंगठ्यानं एक जोर दिला की काम झालं. माझा हात टेबलावरून निघालासुद्धा होता. मी तो ओढून घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले, शाळेत बाई बसवायच्या तशी.

पिन निसटली आणि घरंगळत टेबलाखाली गेली. भूपाल खुर्ची मागं सारून वाकला. टेबलाखाली त्याचा हात चाचपडत असल्याचं ऐकू येत होतं. बराच वेळ लागला. माझे हात मांडीखाली तडफडत होते.

मी ऋचाकडं बघितलं. तिनं हात कुठंही दाबून धरले नव्हते. ते टेबलावर मोकळे पडले होते, स्वस्थ, आणि ती त्यांच्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत होती. तिला ते आधीपासून येत होतं. त्याबद्दल मी तिच्यावर आजही जळते.